बाबांची चार वाक्यं

"आणि ही मृणाली, अपूर्वाची मैत्रीण. हिचे वडील कॅप्टन आहेत, मर्चंट नेव्हीत," दमयंतीकाकू म्हणाल्या आणि पुण्याहून आलेल्या आपल्या थोरल्या बहिणीच्या वाटीत त्यांनी आणखी रस वाढला. वाक्य इतकं सहज आलं, की वाढण्याच्या हालचालीतच ते विरून गेलं. मृणालीच्या हातात पुरीचा तुकडा होता. तो तिने रसात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. पुण्याच्या मावशींनी सकाळपासून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "हो का? मग बरंच जग पाहिलं असेल त्यांनी." "हो," मृणाली म्हणाली. हे काही खोटं नव्हतं. बाबांनी पुष्कळ जग पाहिलं होतं, जहाजाच्या स्वयंपाकघराला असलेल्या एका गोल खिडकीतून, कांदा चिरता चिरता. ते चीफ कुक होते. अपूर्वा समोरच बसून फणसाच्या सांडग्याचा तुकडा मोडत होती. तिने मान वर केली नाही. वर पंखा फिरत होता, मे महिन्याचा चिकट वारा सगळ्यांना सारखा वाटत होता, आणि मृणालीला वाटलं, आपण आत्ता एक शब्द बोललो नाही तर हा क्षण निघून जाईल. तो निघून गेला. अपूर्वाचे वडील, मायदेवकाका, आपल्या कारखान्यातल्या नव्या बॉयलरबद्दल बोलायला लागले.

तिने आपल्या तोंडाने कधी 'कॅप्टन' म्हटलं नव्हतं. हे ती जेवण झाल्यावर वरच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून स्वतःला सांगत राहिली. मग उठली, खिडकीशी गेली, परत बसली. दोन वर्षांपूर्वी, अकरावीच्या पहिल्या सहामाहीत, ती रत्नागिरीला मुलींच्या वसतिगृहात होती. प्रॅक्टिकलला तिला आणि अपूर्वा मायदेवला एकच टेबल मिळालं. अपूर्वाला बेडकाला हात लावायची किळस यायची आणि मृणालीला मासे साफ करायची लहानपणापासून सवय, त्यामुळे दोघींचे बेडूक तीच कापायची. एका शनिवारी अपूर्वा तिला माळनाक्यावरच्या बंगल्यावर घेऊन आली. काकूंनी विचारलं, "बाबा काय करतात गं?" ती म्हणाली, "शिपवर असतात." खरं तेच. "ऑफिसर का?" काकूंनी विचारलं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला आणि त्या उठल्या. त्या उठत असताना मृणालीची मान हलली होती की नाही? इतक्या वेळा तिने हा प्रश्न स्वतःला विचारला होता, की आता खरं काय घडलं ते तिलाच दिसत नव्हतं. कधी तिला आपली मान अगदी स्थिर दिसायची, तर कधी ती हलताना दिसायची, हावरटासारखी. त्यानंतर वसतिगृहात पाण्याचे हाल झाले, अपूर्वा म्हणाली आमच्याकडेच राहा, एकत्र अभ्यास करू, आणि काकूही म्हणाल्या राहा. राहायला आल्यावर तिला कळलं, की या घरात कुणी कुणावर ओरडत नाही, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर सोपं गेलं असतं. तिला ताप आला तेव्हा काकू दोन दिवस तिच्या उशाशी होत्या. बाबांची पत्रं यायची ती ती जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवायची, कारण मायदेवकाकांना बंदरांची नावं ऐकायला फार आवडायचं. बाबा लिहायचे, 'काल सर्वांना सुरमईचं सार केलं, कॅप्टनसाहेबांनी दोनदा मागून घेतलं.' ती वाचायची, 'काल सर्वांनी सुरमईचं सार खाल्लं, कॅप्टनसाहेबांनाही आवडलं.' एवढंच. एक क्रियापद इकडचं तिकडे. वाचताना तिची नजर एक ओळ पुढे धावायची, पुढे काय अडचणीचं येतंय ते बघायला, आणि बाबांचं पत्र तिने कधी बाबांचं म्हणून वाचलंच नाही. ते ती नंतर बाथरूममध्ये, कडी लावून, पुन्हा वाचायची.

चार वाजता काकू मागच्या खोलीत आंब्यांची अढी उलथत होत्या. पेंढ्याचा आणि पिकत्या फळांचा इतका दाट वास होता, की तिला उंबऱ्यावरच थांबावंसं वाटलं. "काकू," ती म्हणाली, "माझे बाबा कॅप्टन नाहीत." काकूंनी एक आंबा देठाशी दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला. "ठाऊक आहे गं मला." मृणालीला ऐकू आलं ते नीट कळलं नाही. "आपल्या कारखान्यात धोंडू आहे ना, तुमच्याच पूर्णगडचा. त्यानेच सांगितलं. झालं त्याला वर्ष." काकू हसल्या, अगदी मायेने. "त्यात काय एवढं? मी काही मनात ठेवलं नाही. तू गुणी मुलगी आहेस." मग हात झटकत त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून समजावू लागल्या. अपूर्वा पुण्याला जाणार, ती राहणार मावशीकडे. एकटी ती रमणार नाही, अभ्यास तर मुळीच करणार नाही. मृणालीने बरोबर जावं, तिथेच राहावं, तिच्या कॉलेजचं सगळं हे घर बघेल. हे मृणालीला माहीत होतं. महिन्यापूर्वीच काका तसं बोलले होते आणि तिने ते पूर्णगडला आईलाही कळवलं होतं. "पण ताईचं घर म्हणजे जुन्या वळणाचं," काकू म्हणाल्या. "तिच्या स्वयंपाकघरात कोण वावरतं, याचे तिला शंभर प्रश्न. कॅप्टन म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात बघ. कुणाचं काही वाईट तर होत नाहीये ना? तुझे बाबा येतायत ना या आठवड्यात? रविवारी जेवायला घेऊन ये. ताई आहे तोवर. त्यांना फक्त तेवढं सांगून ठेव."

ती वर आली. हातात धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी काढून घ्यावं आणि हसत पुन्हा आपल्याच डोक्यावर ठेवावं, तसं काहीतरी झालं होतं. दोन वर्षं तिला वाटत होतं, की आपण यांना फसवतोय. रोज रात्री अंथरुणावर पडताना पकडलं जाण्याची जी धडधड व्हायची तिचा तिला अभिमानही होता थोडा, कारण तेवढ्यापुरती आपण खोटं बोलणारी, पण लाज असलेली मुलगी आहोत, असं वाटायचं. आणि इकडे वर्षभर काकूंना ठाऊक होतं. पत्रातलं क्रियापद ती बदलायची तेव्हा त्या वाढता वाढता ऐकत होत्या आणि त्यांना कळत होतं. तिला एकदम उघड्यावर आंघोळ केल्यासारखं झालं. अपूर्वा दारात येऊन उभी राहिली. "आईशी बोललीस?" "तुलाही माहीत होतं?" अपूर्वाने खांदे उडवले. "मला काय फरक पडतो गं? तू येतेयस म्हणून तर मी जातेय." हेही खरंच होतं. या घरातलं सगळंच खरं होतं. एकटा 'कॅप्टन' तेवढा खोटा, आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं होतं.

बाबा शुक्रवारी आले. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने ती पूर्णगडला निघाली. भाट्याचा पूल, पावस, मग खाली खाडीकडे उतरणारा तांबडा रस्ता. खिडकीची काच खडखडत होती आणि ती मनात वाक्य जुळवत होती. बाबांना काय सांगायचं? जाऊ नका म्हणायचं? पण आईने वाडीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की मृणाली पुण्याला शिकायला जाणार. घरात पाय टाकला तर ओटीवर नवी निळी बॅग होती, आईने आणवलेली, आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी घातलेली. बाबा चुलीपाशी होते. रजेवर आले की चार दिवस ते आईला चुलीजवळ फिरकू देत नसत. बनियनवर, कमरेला टॉवेल. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा; ओव्हनच्या दाराच्या, तेलाच्या, काही लांबट आणि काही गोल, काळपट गुळगुळीत. लहानपणी ती त्या खुणांवर बोट ठेवून विचारायची, हा चटका कुठला? बाबा सांगायचे, हा सिंगापूर, हा डर्बन, हा तुझ्या वाढदिवसाचा, केक बघायला वाकलो तेव्हाचा.

संध्याकाळी किल्ल्याखालच्या वाळूवर, होड्यांच्या आडोशाला बसून तिने सांगितलं. सगळं, अगदी पत्रं कशी वाचायची तेसुद्धा. बाबा आधी हसले. "माका कॅप्टन केलास होय गो बाय!" मोठ्याने हसले, आणि जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं. मग हसू कुठेतरी जिरलं. ते वाळूत बोटाने रेघा मारत राहिले. तिला वाटलं, आता ते रागावतील. तिला ते हवं होतं. कुणीतरी एकदा तरी रागावायला हवं होतं. पण बाबा म्हणाले, "खांद्यावर चार पट्टे असतात कॅप्टनच्या." आणि थोड्या वेळाने, "मी फार बोलणार नाय. बोललो तर घोटाळा. चार वाक्यं पुरे होतील." ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते समुद्राकडे बघून, शाळेत पाठांतर म्हणावं तसे म्हणाले, "सध्या रजेवर आहे. ऑगस्टात पुन्हा जायचं. समुद्रावर जबाबदारी मोठी असते. मुलीच्या शिक्षणाला आम्ही काही कमी पडू देणार नाही." आणि तिच्याकडे वळले. चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. "यातलं एकपण खोटं नाय, बघ."

एकपण खोटं नाय. ती शहारली. हे तिचंच होतं. शिपवर असतात, बरंच जग पाहिलंय, कॅप्टनसाहेबांनाही आवडलं. एकही खोटं नाही. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती, ती तिने त्या टेबलावर बसून आपली आपण कमावली होती, आणि आता तिने ती बाबांना दिली होती. सत्तावीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस अर्ध्या तासात ती शिकला, तिच्यासाठी. "नको जाऊया बाबा," ती म्हणाली. "तुझ्या आईने बॅग घेतलीय," बाबा म्हणाले आणि पँटला लागलेली वाळू झटकत उठले.

रविवारी बाबा पांढरा शर्ट घालून आले. लांब बाह्यांचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. अंगात घाम निथळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. बंगल्याच्या पायऱ्यांवर त्यांनी चपला काढल्या आणि इतरांच्या चपलांपासून हातभर लांब ठेवल्या. मग काय वाटलं कोण जाणे, उचलून त्या रांगेत आणून ठेवल्या. मृणालीला ते दिसलं. त्या दिवशी तिला सगळंच दिसत होतं, नको इतकं. मायदेवकाकांनी उठून हात मिळवला. पुण्याच्या मावशी म्हणाल्या, "या, कॅप्टनसाहेब." बाबांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "सध्या रजेवर आहे." अजून कुणी काही विचारलंही नव्हतं. काकूंनी पटकन, "बसा ना, पानं घेतलीच आहेत," म्हटलं.

जेवण टेबलावर होतं. बाबांच्या शेजारी ती, समोर मावशी. वरण, भात, काजूची उसळ, कोशिंबीर, रस. बाबा खाली मान घालून जेवत होते आणि कालवताना बाही वाटीत जात होती. त्यांनी ती वर केली नाही. एकदा वरणात, एकदा रसात. मनगटाशी पांढऱ्या बाहीवर पिवळा डाग पसरत कोपराकडे सरकत होता, आणि दुसऱ्या हाताने ते कफचं बटण घट्ट आहे ना ते चाचपत होते. काकूंना डाग दिसला असणार. अपूर्वालाही दिसला असणार. सगळे इतके सुसंस्कृत, की कुणी पाहिलं नाही. "एवढं प्रचंड जहाज," मावशी म्हणाल्या, "सगळ्यांचे जीव तुमच्या हाती. भीती नाही वाटत?" "समुद्रावर जबाबदारी मोठी असते," बाबा म्हणाले. दुसरं वाक्य त्यांनी गाळलं होतं. किंवा घाबरून विसरले होते. त्यांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि तो पुसायला कफवरचा हात काढावा लागला असता, म्हणून तो तसाच राहिला. मृणालीने हातातला घास ताटात ठेवला. धैर्य वगैरे ते नव्हतं. त्या थेंबाकडे बघवेना, म्हणून शब्द आले.

"बाबा, बाह्या वर करा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत स्पष्ट नकार होता.

तिनेच त्यांचा हात धरला. बटण काढलं. ओला कफ एकदा दुमडला, दोनदा दुमडला, कोपरापर्यंत नेला. सगळ्या खुणा टेबलावर आल्या. "मावशी," ती म्हणाली, आणि आपला आवाज केवढा बारीक आहे हे तिला ऐकू आलं, "बाबा कॅप्टन नाहीत. जहाजावर चीफ कुक आहेत. मी हे दोन वर्षं सांगितलं नाही."

काकूंची वाढायची पळी भांड्यात सावकाश टेकली. मायदेवकाका एकदम हसले, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच ताटात बघू लागले. अपूर्वा मृणालीकडे अशी पाहत होती, की जणू हिने घराची काच फोडली आणि तीही उगीचच. मावशींनी बाबांच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या बहिणीकडे, आणि अखेर ओठ आवळून हसत म्हणाल्या, "अस्सं. म्हणजे जाणकारापुढे वाढलंय की आपण. मग काय, आमचा स्वयंपाक पसंत पडला का?" त्यात बोच होती, ती सगळ्यांना कळली. बाबांनी मोकळ्या हाताने नाकावरचा घाम पुसला. दुसरी बाही आपणच वर केली. "वरण चांगलं झालंय," ते म्हणाले, साध्या आवाजात, कामावर असल्यासारखे. "कोशिंबिरीच्या फोडणीत मोहरी जळलीय." आणि उरलेला भात त्यांनी शांतपणे संपवला, शितही न ठेवता.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. रागावल्या नव्हत्या. "मी तुझ्यासाठीच करत होते गं," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मृणालीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि पळूनही जावंसं वाटलं. पुण्याचं पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. अपूर्वा खाली आली नाही. वरच्या खिडकीचा पडदा तेवढा ओढलेला होता.

एस.टी. स्टँडवर बाबा बाकावर बसले, तेव्हा तिला वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. बसमधून उतरणारी माणसं, शेंगदाणेवाला, फलाटावरचं डिझेल. सगळं नेहमीसारखं, आणि ती मात्र एका जागी उभी राहू शकत नव्हती. फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली. "बस जरा," बाबा म्हणाले. मग समोर बघत म्हणाले, "घाई केलीस तू. माझी दोनच वाक्यं झाली होती. चौथं चांगलं होतं." तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी ते वाक्य रात्रभर घोळवलं असणार. मुलीच्या शिक्षणाला आम्ही काही कमी पडू देणार नाही. त्या टेबलावर, त्या माणसांपुढे, ताठ बसून त्यांना ते एकदा म्हणायचं होतं. आणि ते तिने म्हणू दिलं नाही. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला वाटत होतं, खरं आपलं आहे, आपण वाटेल तेव्हा काढावं. "तुम्हाला राग आलाय?" तिने विचारलं. "आलाय," बाबा म्हणाले. "जाईल." आणि तिच्या हातात शेंगदाण्यांची पुडी ठेवली.

आईला त्यांनीच सांगितलं, ओटीवर बसून, काही न लपवता. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. "म्हणजे आता नाय जायाचा?" तिने विचारलं. मृणालीने नकारार्थी मान हलवली; काकू आता बोलावणार नाहीत, हे तिला फाटकापाशीच कळलं होतं. आई बॅगेकडे बघत राहिली, साडी घातलेल्या. "आता मी वाडीत काय सांगू गो?" "झालं ते सांग." "तुला सोप्पा हाय," आई म्हणाली. "तू बोलून मोकळी. रोज पाण्यावर मला जायाचा असतंय." मृणाली आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. पुण्याचं कॉलेज तिला दिसत होतं, कधी न पाहिलेलं, त्याचा लांबच लांब व्हरांडा, आणि त्यावरून अपूर्वा एकटी चालत जात होती. तिला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. रत्नागिरीच्या कॉलेजचे फॉर्म दहा जूनपर्यंत होते. रोज एस.टी.ने जाऊन येता येईल. पहाटेची पहिली गाडी. हे सगळं ती एकापुढे एक मांडत होती आणि मांडलेलं पुन्हा विस्कटत होतं.

सकाळी आईने कळशी उचलली तेव्हा तिनेही हंडा घेतला. विहिरीवर चार-पाच बायका होत्या. पाणी खोल गेलं होतं, दोर सोडायला वेळ लागत होता. शेजारची रखमाकाकी हंडा डोक्यावर घेता घेता थांबली आणि म्हणाली, "काय गो मृणाली, कवा निघतंस पुण्याला?" रहाट थांबला. सगळ्या बघायला लागल्या. मृणालीने तोंड उघडलं. रात्रभर तिने वाक्य तयार केलं होतं, सरळ, एक क्रियापदही इकडचं तिकडे न केलेलं. पण ते बाहेर यायच्या आत आई बोलली होती. विहिरीच्या काठावर वाकून, दोराला हिसका देत, तिने मान वरसुद्धा केली नाही.

"नाय जात ती," आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "कुकाची पोरगी नको त्यांना. हितंच शिकणार हाय. धर गो दोर."

मृणालीने दोर धरला. तो ओला होता आणि जड होता, आणि दोघी मिळून ओढू लागल्या.